ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरते तेव्हा: डिस्क बदलण्याआधी काय काय तपासावे

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना ज्यांनी वैशाखात गाडी चालवली आहे, त्यांना शेवटच्या वळणांवरचा ब्रेकचा जळका वास ओळखीचा असेल. माझ्या गाडीला थरथर लागली ती याच रस्त्यावर. घाट उतरेपर्यंत सगळे ठीक होते. पायथ्याशी चहासाठी थांबलो, ब्रेकवर पाय तसाच दाबून ठेवून मागच्या मंडळींना उतरू दिले, आणि तिथून निघाल्यावर पहिल्या गतिरोधकापुढे ब्रेक दाबताच स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे थरथरू लागले. गॅरेजमध्ये ‘डिस्क बेंड झाली’ असे निदान झाले (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, जिच्यावर दोन्ही बाजूंनी पॅड दाबले की गाडी थांबते), लेथवर टर्निंग मारून, म्हणजे डिस्कचा वरचा थर कापून सपाट करून मिळाले, दोन-अडीच हजार किलोमीटर गाडी उत्तम चालली आणि थरथर परत आली. दुसऱ्यांदा टर्निंग मारले, पुन्हा तोच अनुभव आला. तिसऱ्या वेळी धुळ्यातल्या एका वयस्क मिस्तरींनी डिस्ककडे नीट पाहिलेसुद्धा नाही. “डिस्कले काय व्हयेल नई भाऊ, पहिले हब दखा,” असे म्हणत त्यांनी डिस्क बाजूला ठेवली आणि हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागाच्या तोंडावरची गंजाची पापडी नखाने उचकटून माझ्या तळहातावर ठेवली. कांद्याच्या सालीएवढ्या जाडीची ती पापडी हाच माझ्या दोन टर्निंगच्या खर्चाचा हिशेब होता.

हा लेख गाडी नुकतीच घेतलेल्या, किंवा घेऊन बरीच वर्षे झाली तरी चाक कधी खोलून न पाहिलेल्या वाचकांसाठी आहे. यातली बरीचशी तपासणी घरी करता येते, काही कामांसाठी गॅरेज लागतेच. पण गॅरेजमध्ये गेल्यावर नेमके काय तपासून मागायचे, हे ठाऊक असले की खर्च निम्म्यावर येतो.

आधी एक अट

ब्रेकचे पेडल मऊ लागत असेल, दाबल्यावर हळूहळू खाली जात असेल, ब्रेक ऑइलची पातळी खुणेच्या खाली गेली असेल किंवा ब्रेक दाबताच गाडी जोरात एका बाजूला ओढली जात असेल, तर पुढचे काहीही स्वतः करून पाहू नये आणि गाडी रस्त्यावर काढू नये. मिस्तरींनाच घरी बोलवावे. त्याचप्रमाणे कोणतीही चाचणी घेण्याआधी चारही चाकांचे नट पान्याने एकदा पडताळावेत. ढिल्या नटांमुळेही गाडी थरथरते, आणि ती थरथर ‘चाचणी’ म्हणून ऐंशीच्या वेगाने अनुभवण्याजोगी नसते.

रस्त्यावरची चाचणी

सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, कोरड्या आणि सरळ पट्ट्यावर ही चाचणी घ्यावी. रावेर-यावल भागात केळीचे ट्रॅक्टर आणि ट्रक पहाटेपासूनच रस्त्यावर असतात, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी जागा निवडताना मागून येणाऱ्या वाहनाकडे विशेष लक्ष द्यावे. सोबत एक माणूस घ्यावा आणि त्याला वहीत नोंदी करायला सांगाव्यात, कारण गॅरेजच्या दारात उभे राहिल्यावर ‘कधी कधी थरथरते’ एवढेच आठवते आणि त्यावरून कोणालाच काही कळत नाही.

प्रथम ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी साठ, ऐंशी आणि रस्ता परवानगी देत असेल तर त्याहून थोड्या अधिक वेगाने चालवावी. ब्रेक न दाबताच ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल आणि त्या वेगाच्या पुढे-मागे ती थरथर कमी होत असेल, तर दोष बहुधा ब्रेकमध्ये नसून चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये, वाकलेल्या रिममध्ये किंवा टायरमध्ये आहे. अशा वेळी पुढचा अर्धा लेख वाचण्याची गरज नाही. टायरवाल्याकडे जाऊन बॅलन्सिंग करावे आणि टायरच्या कडेला कुठे फुगा आला आहे का, हे हात फिरवून पाहावे. फुगा आलेला टायर महामार्गावर, त्यातही उन्हाळ्यात, एक दिवसही वापरू नये.

थरथर केवळ ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर ऐंशीवरून हलक्या पायाने, हळूहळू ब्रेक दाबत गाडी वीसपर्यंत आणावी. एकदम जोरात दाबू नये, कारण मंद ब्रेकमध्येच दोष स्पष्ट जाणवतो. थरथर हातात जाणवते, पायात जाणवते की बसण्यात, याची नोंद घ्यावी. स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरत असेल तर दोष पुढच्या चाकांकडे असतो. स्टिअरिंग शांत असून सीट आणि गाडीचा तळ हादरत असेल, तर मागच्या चाकांकडे संशय न्यावा. पेडल पायाखाली वर-खाली उड्या मारत असेल, तर कुठेतरी डिस्कची जाडी किंवा ड्रमची, म्हणजे आतून ब्रेक लागणाऱ्या गोल डब्याची, गोलाई बिघडलेली आहे, एवढे नक्की. पण ते पुढे की मागे, हे केवळ पेडलवरून सांगता येत नाही.

दुसरी नोंद वेगाची. लहान गाडीचे चाक एका फेऱ्यात साधारण 1.9 मीटर पुढे जाते, म्हणजे ताशी 80 किलोमीटर वेगाला ते सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरते आणि 40 ला पाच-सहा वेळा. डिस्कमध्ये एके ठिकाणी दोष असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक हिसका बसतो, आणि म्हणून गाडीचा वेग उतरेल तसे हिसके संथ होत जातात. शेवटी दहाच्या वेगाला ते मोजता येतील इतके सुटे होतात. या एका खुणेवरून एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) घोटाळाही टळतो. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे, आणि ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की ही यंत्रणा पेडलला भरभर धक्के देते, सोबत घर्रघर्र आवाजही येतो. तो दोष नाही, ते तिचे कामच आहे. परंतु कोरड्या रस्त्यावर हलका ब्रेक दाबतानाही पेडल धक्के देत असेल, तर त्याचे खापर एबीएसवर फोडू नये.

तिसरी नोंद उष्णतेची. रात्रभर उभी असलेली गाडी काढल्यावर पहिल्या काही ब्रेकलाच थरथर येते, की पंधरा-वीस मिनिटे चालवून ब्रेक तापल्यावरच येते? पावसाळ्यात चार दिवस अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि पहिले पाच-सहा ब्रेक खरखरीत लागतात. ते आपोआप जाते. मात्र गाडी महिनाभर उभी असेल, तर पॅडखाली झाकलेला भाग आणि उघडा भाग यांत फरक पडून पॅडच्या आकाराचा डाग डिस्कवर राहतो आणि तो नुसत्या चालवण्याने सहसा जात नाही.

मागच्या ड्रमवर संशय असेल तर हँडब्रेकची चाचणी उपयोगी पडते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि हाताने ओढायचा हँडब्रेक याच ड्रमवर काम करतो. रस्ता पूर्ण रिकामा, कोरडा आणि सरळ असताना ताशी 40 किलोमीटरच्या आत, हँडब्रेकचे बटण अंगठ्याने दाबूनच ठेवून, दांडा अगदी हळू वर ओढावा. बटण सोडू नये, म्हणजे चाके जाम होण्याची वेळ आल्यास दांडा तत्काळ खाली करता येतो. या वेळी तीच थरथर आली तर ड्रम गोलाईत नाही. वळणावर, ओल्या रस्त्यावर किंवा मागे कोणी असताना हा प्रयोग करू नये. आणि ज्या गाडीत हँडब्रेक बटणावर चालणारा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आहे, तिच्यात तर तो अजिबातच करू नये.

गाडी परत आणल्यावर लगेच चारही चाकांजवळ तळहात नेऊन उष्णता अजमावावी. हात लावू नये. डिस्क चांगलीच भाजते. एकाच बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा उघडपणे जास्त तापले असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा पकडीसारखा भाग, सुटत नाही, ब्रेक अर्धवट धरून राहतो, असे समजावे.

डिस्क खरोखर वाकते का?

इथे थोडे थांबून मूळ कारण समजून घेणे भाग आहे, कारण सगळा गोंधळ ‘डिस्क बेंड’ या शब्दात आहे. डिस्क बिडाची असते. बीड तापले म्हणून पत्र्यासारखे सहज वाकत नाही. साधारण 1100 किलो वजनाची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबवताना सुमारे 270 किलोज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे सहा-सात कप चहाचे पाणी उकळेल एवढी, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क घेतात. घाटात असे ब्रेक एकामागून एक लागत असल्याने डिस्क तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापू शकते. भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हाने डिस्क खराब होते, असे पुष्कळ जण सांगतात. पण एवढी उष्णता सहज सोसणाऱ्या लोखंडाला ते ऊन किरकोळ आहे. त्रास होतो तो डिस्क तापलेली असताना आपण काय करतो, त्याने.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसून तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. दोन पॅडच्या मधून जाताना जाड भाग आला की पॅडमागचा पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो, आणि हा खेळ ब्रेक ऑइलमधून पेडलपर्यंत आणि सस्पेन्शनमधून स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. त्यासाठी फरक किती लागतो? एका मिलिमीटरचे पन्नास भाग केले तर त्यांतला एक भाग, म्हणजे 0.02 मिलिमीटर, एवढ्यानेही थरथर जाणवू शकते. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो.

जाडीत हा फरक दोन वाटांनी येतो. पहिली वाट माझ्या गाडीने घाटाच्या पायथ्याशी घेतली: डिस्क लालबुंद नसली तरी भरपूर तापलेली, पाय ब्रेकवर घट्ट, आणि त्यामुळे तापलेल्या पॅडमधला मसाला एकाच जागी डिस्कवर चिकटून बसला. त्या जागी पकड वेगळी, घर्षण वेगळे आणि पुढे तापमानही वेगळे होत जाते. हे फार वाढले तर त्या ठिकाणी बिडाची रचनाच बदलून कडक ठिपका तयार होतो, जो वरवरच्या टर्निंगने जात नाही. वरचा थर निघाला तरी खाली तो शिल्लक राहतो.

दुसरी वाट संथ आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डिस्क हबवर पूर्ण सपाट बसली नाही, तर ती फिरताना किंचित डुलते. ब्रेक न दाबलेल्या स्थितीतही पॅड डिस्कच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे डुलणाऱ्या डिस्कचा एकच भाग दर फेऱ्याला पॅडला हलकेच घासत राहतो. हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये तो भाग झिजून पातळ होतो आणि मग थरथर सुरू होते. टर्निंग मारल्यावर जाडी पुन्हा सारखी होते आणि गाडी बरी चालते. पण डुलणे तसेच राहिल्यामुळे तीच झीज पुन्हा सुरू होते. माझी गाडी दोन्ही वेळा दोन-अडीच हजार किलोमीटरनंतरच का बिघडली, याचे उत्तर यात आहे. पहिला बिघाड घाटाचा होता. पुढचे दोन गंजाचे.

डुलण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. हबचे तोंड साधारण 14 सेंटीमीटर रुंद आणि डिस्क 25 सेंटीमीटर धरली, तर हबच्या कडेला 0.05 मिलिमीटरची पापडी अडकली की डिस्कच्या कडेला तिचे जवळजवळ 0.09 मिलिमीटर होतात. कंपन्या सहसा 0.05 ते 0.10 मिलिमीटरपर्यंतचे डुलणे चालवून घेतात, म्हणजे एका पापडीत सगळी सवलत संपते.

चाक खोलून पाहणे

गाडी सपाट, कडक जागेवर लावावी. काळ्या मातीवर जॅक कधीही लावू नये; वरून घट्ट दिसणारी माती वजन आले की खचते, आणि पावसाळ्यात तर जॅक तिरपा होतो. फरशी किंवा काँक्रीट नसेल तर जाड फळी खाली घ्यावी. गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत आणि मग जॅक चढवावा. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. स्टँड लावावा, आणि काढलेले चाक चेसिसखाली आडवे सरकवून ठेवावे.

चाक काढण्याआधी, ते हवेत असतानाच, दोन्ही हातांनी वर आणि खाली धरून हलवावे. खळखळ जाणवली तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे. मग डावी-उजवीकडे धरून हलवावे. तिथे खळखळ असेल तर टाय रॉड एन्ड, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणारा सांधा, पाहावा. लोअर आर्मचे रबरी बुश चिरलेले किंवा सुटलेले असतील तर तेही नोंदवावे. बुश स्वतः थरथर सहसा निर्माण करत नाहीत, पण डिस्कमधली बारीक थरथर ते मोठी करून स्टिअरिंगपर्यंत पोहोचवतात. म्हणूनच एकाच प्रकारच्या डिस्कवर एक गाडी शांत चालते आणि दुसरी हातातून स्टिअरिंग काढून घेते. बॉल जॉइंटमध्ये खळखळ असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी तो बदलावा.

चाक काढल्यावर डिस्क दोन्ही बाजूंनी पाहावी. आतली बाजू पाहण्यासाठी मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा पुरतो. निळसर किंवा काळपट डाग, पॅडच्या आकाराचा ठसा, खोल चरे आणि मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा शोधाव्यात. कडेपर्यंत पोहोचलेली भेग दिसली तर डिस्क बदलण्यापलीकडे इलाज नाही. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर तिची किमान जाडी कोरलेली असते. तो आकडा कागदावर लिहून घ्यावा.

जाडी मोजण्यासाठी मायक्रोमीटर लागतो. व्हर्निअर कॅलिपरने मोजून ‘सगळीकडे सारखीच आहे’ असे सांगणारे अनेक भेटतात, पण नेहमीच्या व्हर्निअरचे सर्वात लहान मापच 0.02 मिलिमीटर असते, आणि आपण शोधत असलेला दोष तेवढाच आहे. शिवाय व्हर्निअरचे पाय डिस्कच्या झिजलेल्या कडेवरील उंचवट्यावर टेकतात आणि माप चुकते. कडेपासून साधारण एक सेंटीमीटर आत, गोलाकार आठ ठिकाणी मायक्रोमीटरने मोजावे आणि खडूने आकडे तिथेच लिहावेत. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये हे उपकरण हमखास असते. ओळखीने कोणी अर्ध्या तासासाठी देत असेल तर घ्यावे.

डुलणे मोजायला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे उपकरण, हवा. डिस्क सगळे नट लावून, गरज पडल्यास खाली वॉशर देऊन, हबवर घट्ट बसवावी. गेजचा चुंबकी पाया न हलणाऱ्या भागावर लावावा, टोक डिस्कवर टेकवावे आणि हँडब्रेक व दगड तसेच ठेवून, गिअर न्यूट्रलला घेऊन डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवावी. काटा सर्वात वर जिथे जातो तिथे खूण करावी. मग डिस्क काढून एक भोक सोडून पुन्हा बसवावी आणि परत मोजावे. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कमध्ये. ती हबजवळ होती तिथेच राहिली तर दोष हबमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. या एका प्रयोगाने माझे दोन टर्निंगचे पैसे वाचले असते.

ज्यांच्याकडे गेज नाही त्यांनीही हबचे तोंड साफ करण्याचे काम टाळू नये. डिस्क लहान स्क्रूने धरलेली असते, कधी नसतेही. गंजाने चिकटली असेल तर पुष्कळ डिस्कवर आटे असलेली दोन भोके दिलेली असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत नेले की डिस्क सरळ बाहेर येते. हातोड्याने ठोकण्यापेक्षा हे बरे, कारण ठोके बेअरिंगला बसतात. हबचे तोंड, बोल्टच्या मुळाशी असलेली गोल जागा आणि डिस्कचा हबला टेकणारा भाग तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने चकचकीत करावा. बोल्टच्या अगदी मुळाशी गंज लपून राहतो. तिथे ब्रश पोहोचत नाही, पेपर घडी घालून फिरवावा लागतो. रिमचा आतला सपाट भागही असाच साफ करावा. या जागी ग्रीसचा जाड थर देऊ नये. तोही पापडीचेच काम करतो.

कॅलिपर आणि पॅड

कॅलिपर सोडवला की तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. पॅडची जाडी आत आणि बाहेर सारखी झिजलेली असायला हवी. आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा नवाकोरा, असे दिसले तर कॅलिपरच्या गाईड पिना अडकल्या आहेत. त्या काढून पुसाव्यात, गंजल्या असतील तर बदलाव्यात, रबरी टोप्या फाटल्या असतील तर त्याही बदलाव्यात. पिनांना ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉनचे ग्रीसच लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस हाताशी असते म्हणून तेच फासले जाते; पण त्याने टोप्यांचे रबर फुगते आणि काही महिन्यांत पिना पुन्हा जाम होतात.

पिस्टन मागे दाबण्यापूर्वी ब्रेक ऑइलची टाकी पाहावी, कारण ऑइल वर येऊन सांडू शकते आणि रंगावर सांडले तर रंग जातो. पॅडची धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नये. ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावी. पॅडवर ग्रीस किंवा ऑइल लागले असेल तर ते धुऊन वापरण्याच्या फंदात पडू नये, नवीन घालावेत.

मागचा ड्रम

ड्रमबद्दल फार सांगण्यासारखे नाही. हँडब्रेकच्या चाचणीत थरथर आली तर ड्रम काढून लेथवर गोलाई पाहावी. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. टर्निंगनंतर तो ओलांडला जात असेल तर ड्रम बदलावा. घाट उतरून आल्यावर तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी लावण्याची सवय मात्र सोडावी, कारण तापलेला ड्रम लायनरच्या, म्हणजे त्याच्या आतल्या ब्रेकच्या पट्ट्यांच्या दाबाखाली थंड होताना किंचित लंबगोल होऊ शकतो. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये आणि चाकाखाली दगड देऊन लावावी.

टर्निंग की नवीन डिस्क

हब साफ झाला, पिना मोकळ्या झाल्या, बेअरिंग ठीक आहे, आणि तरीही जाडीत फरक आहे, एवढे ठरल्यावरच हा प्रश्न येतो. टर्निंगनंतर जाडी किमान आकड्याच्या वर पुरेशी राहत असेल तर टर्निंग चालते, परंतु दोन्ही बाजूंच्या डिस्कना एकदमच मारावे. लेथवाल्याने डिस्क चकमध्ये धरताना तिचा मधला भाग साफ केला आहे का, हे उभे राहून पाहावे. गंजावर धरलेली डिस्क लेथवरच तिरपी कापली जाते आणि तुम्ही पैसे देऊन डुलणे घरी आणता. किमान जाडीच्या जवळ आलेली किंवा कडक ठिपके असलेली डिस्क बदलणेच स्वस्त पडते. नवीन डिस्क जोडीनेच घ्याव्यात. त्यांवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढावा. टर्निंग केलेल्या किंवा नव्या डिस्कवर जुने, चरे पडलेले पॅड बसवू नयेत.

ब्रेक ऑइल दोन वर्षे बदलले नसेल तर याच वेळी बदलावे. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 प्रकारचे कोरडे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असे ठरलेले आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 वर येते. याचा थरथरीशी संबंध नाही, पण तोरणमाळहून शहाद्याकडे उतरताना पेडल एकाएकी तळाला जाण्याशी आहे.

नट आवळणे

आमच्याकडच्या बहुतेक पंक्चरच्या दुकानांत हवेच्या गनने नट बसवतात. गन वेगवान आहे, पण ती प्रत्येक नटाला वेगळी ताकद लावते, आणि एक नट फार आवळला व समोरचा सैल राहिला की डिस्क हबवर असमान दाबली जाते. त्यानेही डुलणे येते. टायरची पुढे-मागे अदलाबदल करून आणल्यावर आठवड्याभरात थरथर सुरू झाली, असे सांगणाऱ्यांच्या बाबतीत मी पहिला संशय यावरच घेतो. नट हाताने बसवावेत, चार असतील तर समोरासमोर आणि पाच असतील तर चांदणी काढल्यासारखे एकाआड एक आवळावेत, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यावा. लहान गाड्यांत हा आकडा साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा हाच खरा. नटांच्या आट्यांना तेल लावू नये. तेल लावल्यावर तोच आकडा प्रत्यक्षात जास्त आवळतो.

पॅड बसवणे

चाके लावल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबावे. पिस्टन मागे गेलेले असल्याने पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि अंगणातून निघालेली गाडी थेट फाटकावर जाते. असे झालेले मी एकदा पाहिले आहे.

मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून मध्यम जोराने ब्रेक दाबत गाडी वीसपर्यंत आणावी, पूर्ण थांबवू नये, पुन्हा वेग घ्यावा. असे आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा-एक मिनिट अंतर ठेवून करावे. त्यानंतर दहा मिनिटे शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवावी, म्हणजे डिस्क सगळीकडून सारखी थंड होते. यातून पॅडचा मसाला डिस्कवर एकसारखा पसरतो. हे काम झाल्याशिवाय त्याच दिवशी फर्दापूरचा किंवा कन्नडचा घाट गाठू नये. घाटात उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवावा, ब्रेकवर पाय घासत न ठेवता ठामपणे दाबून सोडावा. खाली आल्यावर लगेच थांबायचे झाल्यास गाडी सपाटीवर आणून पाय ब्रेकवरून काढावा. तापलेल्या चाकांवर बाटलीने पाणी ओतू नये आणि थेट धुलाई केंद्रातही जाऊ नये.

पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर सगळे नट एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. साफ केलेला हब आणि नवी डिस्क या काळात एकमेकांवर बसतात आणि एखादा नट पाव फेरा घेतो. मी हे विसरतो, म्हणून चाक खोलले की त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आणि ‘नट’ एवढाच शब्द लिहिलेली चिठ्ठी स्पीडोमीटरच्या काचेवर चिकटवतो, आणि पाना फिरवून झाल्यावरच ती काढतो.